अवजारांची निगा : मागच्या पेटीतले तेल



हरभरा निघाला, तुरी घरात आल्या, की मृगापर्यंतचे दिवस यंत्रांच्या दुरुस्तीचे. इंजिनचे तेल बदला म्हणून आता कोणाला सांगावे लागत नाही. पण सीटखालच्या त्या मोठ्या पेटीत, जिथे गिअर बसलेले असतात, तिथल्या तेलाची आठवण क्वचितच निघते. निघालीच तर दुकानात जाऊन "गिअरचे तेल द्या, नव्वद नंबरचे" एवढे म्हटले की काम झाले असे वाटते. आजचे सांगणे या मागणीविषयीच आहे.

बंडीच्या आसाला वंगण लावत तेव्हा त्या वंगणाला एकच काम होते, घासणे कमी करायचे. ट्रॅक्टरच्या पेटीतल्या तेलाला बऱ्याच यंत्रांत तीन कामे असतात. गिअरचे दाते सांभाळायचे, तेच तेल पंपातून जाऊन लिफ्ट उचलायची, आणि ज्यांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, ज्यांना आपण ऑइल ब्रेक म्हणतो, त्यांत ब्रेकच्या चकत्याही भिजत्या व थंड ठेवायच्या. गिअरला घसरडेपणा हवा, ब्रेकला पकड हवी. दोन्ही एकाच तेलातून मिळायचे तर ते तेल त्यासाठीच बनवलेले असावे लागते. साधे नव्वद नंबरचे तेल दाते सांभाळील, पण अशा ब्रेकमध्ये ते गेले की ब्रेक दाबताना थरथर येते, करकर आवाज येतो, पकड कमीजास्त होते. शेतात वखर ओढताना हे ध्यानात येणार नाही. संत्र्याची भरलेली ट्रॉली मागे असताना, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या उतारावर ध्यानात येईल. एक चाक धरले आणि दुसरे सुटले तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे फिरवते. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पायटे खिटीने जोडूनच ट्रॅक्टर चालवावा, हेही याच जागी सांगून ठेवतो.

तेव्हा तेल कोणते, हे ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहावे. पुस्तिका हरवली असेल तर यंत्राचे मॉडेल लिहून कंपनीच्या विक्रेत्याकडे विचारावे. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरात जे चालते ते आपल्यात चालेलच असे नाही. त्याचे ब्रेक कोरडे असतील, तुमचे तेलातले असतील. रंगावरून तर मुळीच ठरवू नये. नंबराचाही एक घोटाळा होतो. गिअर तेलाचा ९० हा आकडा इंजिन तेलाच्या ४० पेक्षा दुप्पट दाट असा अर्थ नाही. दोघांची मोजपट्टी निराळी आहे. ९० नंबरचे गिअर तेल साधारण इंजिनच्या ४०-५० नंबरइतकेच दाट असते. तसेच डब्यावर जीएल-४ की जीएल-५ हे पाहावे. पुढचा आकडा मोठा म्हणून तेल भारी, असे समजून घेऊ नये. काही पेट्यांतल्या पितळी भागांना जीएल-५ मानवत नाही. सुटे तेल स्वस्त मिळते, पण पिंपात काय आहे हे कोण सांगणार? सीलबंद डबा घ्यावा, पावती घ्यावी.

बदलायचे कधी? पुष्कळ ट्रॅक्टरांना सुमारे १००० तासांचे माप दिलेले असते, नव्या यंत्राचे पहिले बदलणे त्याच्या फार आधी असते. अमेरिकेत मातीच्या रिंगणात मोटारींच्या शर्यती होतात, तिथे रस्त्यावरच्या गाडीपेक्षा फार लवकर गिअरचे तेल बदलतात. उष्णता तेलाला लवकर म्हातारे करते. वऱ्हाडातल्या मे महिन्यात रोटावेटर चालवणारा ट्रॅक्टर काही कमी तापत नाही. घरात मुलगी-सून हिशेबाची वही ठेवत असेल तर तिलाच तासांचे आकडे लिहायला सांगावे. ते चुकत नाहीत.

आकड्यांआधी तेल स्वतःही बोलते. काडी काढून पाहा. दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी गेले आहे. बहुधा गिअर दांड्याखालचे रबर फाटलेले असते आणि ट्रॅक्टर पावसात उघडा उभा असतो. अशा वेळी तास पुरे व्हायची वाट पाहू नये, आणि रबर बदलल्याशिवाय नवे तेल ओतू नये. करपल्याचा वास आला तरी तेच.

काढताना ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट करून घ्यावे, म्हणजे तळाचा गाळ सोबत येतो. सपाट जागा, चाकांना दगड, लिफ्ट पूर्ण खाली; वर राहिली तर तिच्यातले जुने तेल तसेच राहते आणि कोणी खाली हात घातला तर धोका वेगळाच. तळाला बूच एकच आहे असे समजू नये, बऱ्याच यंत्रांना दोन-तीन असतात. बुचाला लोहचुंबक असेल तर त्यावरचा करडा बारीक लेप पाहून घाबरू नये, ती रोजची झीज आहे. पण चिमटीत धरता येईल असा लोखंडाचा तुकडा दिसला तर बूच लावू नका, मिस्त्रीला बोलवा. तो तुकडा कोणत्या तरी दात्याचा आहे, आणि मृगाच्या तोंडावर पेटी उघडावी लागली तर पेरणीला भाड्याचा ट्रॅक्टर शोधावा लागेल. हायड्रॉलिकची जाळी याच वेळी धुवावी किंवा बदलावी.

नवे तेल काडीवरच्या खुणेपर्यंतच. जास्त भरले की फेस येतो, तापते आणि सील फुटून क्लचकडे जाते. भरल्यावर इंजिन चालू करून लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करावी, मग बंद करून पुन्हा काडी पाहावी. थोडे कमी भरेल, तेवढे टाकावे.

काढलेले काळे तेल चाळीस-पन्नास लिटरही निघते. ते नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, बैलाच्या खरजेलाही लावू नये. डब्यात भरून, झाकण लावून, जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.