न्यायाला घाई नसावी

‘द ग्रेट एस अटर्नी क्रॉनिकल्स’ हा संगणकीय खेळ आमच्या काही विद्यार्थ्यांच्या आवडीचा आहे. ‘कॅपकॉम’ या जपानी कंपनीने त्याचे दोन भाग २०१५ व २०१७ साली जपानात काढले. इंग्रजीत ते २०२१ साली एकत्र आले. मेइजी काळातील एक जपानी विद्यार्थी लंडनच्या न्यायालयात आरोपींचा कैवार घेतो, अशी ही कथा.

कित्येक खेळाडूंची तक्रार अशी की, पहिल्या भागातील कोडी दुसऱ्यातच सुटतात. ती आम्हांस मान्य आहे. दोन वर्षे ताटकळणाऱ्यांचा रोष अनाठायी नव्हता. परंतु खेळ संथ आहे, ही तक्रार आम्हांस पटत नाही. त्यातील सहा पंच पुरावा पुरता ऐकण्याआधीच आरोपीला दोषी ठरवितात. नायक त्यांची विधाने एकमेकांशी ताडून पाहतो, विसंगती दाखवितो आणि त्यांची मते पालटवितो. इंग्लंडच्या ज्यूरीत पंच बारा असत, हे खरे. पण पूर्वग्रह दूर व्हावयास वेळ लागतो, हेही तितकेच खरे.

एकदा वर्गात घड्याळ हरवले. आम्ही घाईने संशय घेतला तो नव्याने आलेल्या, निराळी बोली बोलणाऱ्या मुलावर. दुसऱ्या दिवशी घड्याळ कपाटामागे सापडले. आम्ही क्षमा मागितली. पण त्या मुलाने पुढे कित्येक दिवस वर्गात मान वर केली नाही.

विद्यार्थिमित्रहो, खेळात चुकलेला डाव पुन्हा मांडता येतो. माणसाविषयी दिलेला निकाल तसा पुसता येत नाही.