बिजागरी दाराची आहे, तुमच्या कार्यकर्त्याची नाही

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांत थार वाढल्या. वाढू देत. ज्याचा पैसा, त्याची गाडी. माझा राग गाडीवर नाही, तिच्या दाराच्या बिजागरीवर बसवलेल्या त्या चार बोटं रुंद लोखंडी पायरीवर आहे. दुकानदार तिला 'हिंज स्टेप' म्हणतो. बायपासवरच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात बसवून मिळते, ऑनलाइन मागवली तर घरपोच येते.

ही वस्तू मुळात कशासाठी आहे ते बघा. अमेरिकेतल्या जीप रँग्लरच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात. तिथला माणूस तंबू, सामान घेऊन रानात जातो. टपावर कॅरिअर असतो, त्यावर दोरी आवळायला उंची पुरत नाही. म्हणून गाडी उभी करायची, पायरीवर पाय द्यायचा, गाठ मारायची, खाली उतरायचं. गाडी उभी असताना. हे तीन शब्द आपल्याकडे येता येता वाटेतच कुठेतरी पडले.

२०२० साली आलेल्या थारच्या बिजागऱ्याही बाहेरच आहेत, त्यामुळे माल चपखल बसला. पण टपावर बांधणार काय? गावातल्या बहुतेक गाड्यांना कॅरिअरच नाही, कित्येकांचा टप कापडी. बरं, आईला गाडीत चढायला सोपं जावं म्हणून घेतली म्हणावं, तर त्यासाठी दाराखाली आडवी साइड स्टेप असते. बिजागरीवरच्या पायरीवरून आई थेट टपावर जाईल!

मग लागते कुणाला? उत्तर मिरवणुकीत सापडतं. नगरपालिकेचा निकाल, भाऊंचा वाढदिवस, वरात, विसर्जन. गाडीच्या दोन्ही अंगांना एकेक पोरगा, एक हात टपाला, दुसऱ्या हातात झेंडा नाहीतर मोबाइल, आणि गाडी चालू. तिथून पाय घसरला तर माणूस पडतो कुठे? पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे. याहून वाईट जागा त्या गाडीला दुसरी नाही.

दुकानदार छातीठोक सांगतो, 'साहेब, दीडशे किलो घेते.' पायरी घेत असेल हो. बिजागरीचं काय? ती दार पेलायला बनवलेली आहे. दाराचं वजन ठरलेलं असतं, दार नाचत नाही. सत्तर किलोचा पोरगा मात्र खड्डा आला की उसळतो, आणि खाली येताना त्याचा झटका सत्तर किलोचा राहत नाही. त्यात पायरी वीतभर बाहेर आलेली, म्हणजे पहार घालून दगड उचकटतात तसा जोर त्या बोल्टांवर येतो. हे बोल्ट कारखान्यात मोजून आवळलेले असतात. इथे ते एअर गनने खोलतात, मधे पट्टी घालून पुन्हा घर्रकन आवळतात. टॉर्कचा पाना किती दुकानांत आहे? आटे गेले की दार खाली बसतं, एका ढकलण्यात लागत नाही. रंग उडालेल्या जागी गंज धरतो, कोकणात तर विचारूच नका. आणि वॉरंटीचा विषय निघाला की सर्व्हिस सेंटरवाला पहिलं बोट त्या पायरीकडेच दाखवणार.

दुसरा प्रकार घडीचा, दार उघडून आतल्या लॉकच्या कडीत अडकवायचा. तो निदान काढून ठेवता येतो. ट्रेकला जाणाऱ्यांनी तोच वापरावा, आणि तोही जपून. कारण अपघातात दार बंद ठेवते ती हीच कडी. ती वाकली की संपलं.

बाजारपेठेतल्या गल्लीत ही लोखंडी जीभ शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्याच्या अंगाला लागते ती वेगळीच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांच्या पुढचे बुल बार काढायला सांगितलं, ते पादचाऱ्यांच्या जिवासाठीही होतं. समोरचं लोखंड गेलं, बाजूला नवं आलं.

आता कायदा बघा, मजा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२३. माणसाला फूटबोर्डवर किंवा गाडीच्या बॉडीबाहेर बसवून, लटकवून नेता येत नाही. टपावर, बॉनेटवर बसून जाता येत नाही. कलम जुनं आहे, स्पष्ट आहे, वकील लावायची गरज नाही. पण त्याला वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, म्हणून केंद्राच्या कायद्यातला सर्वसाधारण दंड लागतो, पहिल्या वेळी ५०० रुपये. आणि गाडीत परवानगीशिवाय फेरफार केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका फेरफाराला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे पायरी हा फेरफार ठरला तर ती लावण्याचे पाच हजार, आणि तिच्यावर पोरगं लटकवण्याचे पाचशे! पायरी फेरफारात बसते की नाही यावर वाद घालता येईल. लटकण्यावर वाद नाही, आणि नेमकं तेच कुणी थांबवत नाही. कारण समोर बंदोबस्ताला उभा असलेला हवालदार गाडी कुणाची ते ओळखतो.

कुणी म्हणेल, आधी वडाप बघा, तिथे मागे दहा माणसं लोंबकळतात. बघूच. वडापला लोंबकळणारी बाई एसटी नाही म्हणून लोंबकळते. तिला दवाखान्यात जायचंय, बाजार गाठायचाय. तिच्या अडचणीची ढाल थारवाल्यांनी करू नये. आणि पायरीवर उभा असलेला पोरगा गाडीमालकाचा मुलगा कधीच नसतो, हेही बघून ठेवा. मालकाचा मुलगा आत असतो, पट्टा लावून.

माझं मागणं साधं आहे. मिरवणुकीला परवानगी देताना पोलीस अटी घालतात. आवाजाची अट असते, मार्गाची असते, वेळेची असते. त्यात एक ओळ वाढवा: गाडीबाहेर एकही माणूस उभा दिसला तर गाडी जागीच थांबवली जाईल, आणि कारवाई अर्जावर सही करणाऱ्यावरही होईल. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षभरात दिलेल्या परवानग्यांत अशी अट होती का आणि कलम १२३ खाली किती कारवाया झाल्या, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाकतोय. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. आलं की जसंच्या तसं इथेच टाकतो, आणि नाही आलं तर तेही टाकतो.