नमलॉकचा दिवा

परवा शनिवारी डोंबिवलीला काकांकडे गेलो होतो. ठाण्याला लोकलची वाट बघत असतानाच काकांचा फोन, "अरे, येतोच आहेस तर जरा कॉम्प्युटर बघ. पासवर्ड घेत नाहीये."

काका रिटायर्ड अकाउंटंट, हल्ली सोसायटीचे खजिनदार. पासवर्ड म्हणजे नुसते आकडे. जाऊन बघतो तर नमलॉक बंद! काका कीपॅडवर टकाटक आकडे दाबतायत आणि चौकटीत काही उमटतच नाहीये.

"मला वाटलं मीच विसरलो," काका म्हणाले. ते मात्र लागलं मला. ज्या माणसाचा सगळा जन्म आकड्यांत गेला, त्याला एका सेटिंगपायी स्वतःच्याच डोक्याची शंका यावी?

तुम्ही म्हणाल, एक बटण दाबायचं, त्यात काय एवढं! पण बंद नमलॉक नुसता गप्प बसत नाही ना. तेव्हा ८ म्हणजे वर, २ म्हणजे खाली आणि पॉइंट म्हणजे चक्क डिलीट. अकाउंटंट माणूस कीबोर्डकडे बघत नाही. ५ वरच्या उंचवट्यावर बोट आणि नजर पावतीवर. अशा माणसाने एक्सेलमध्ये पॉइंट दाबला की सेलमधला जुना आकडा साफ.

हे असं का? तर १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डला ८३ बटणं होती. बाणांना वेगळी जागा नव्हती, म्हणून आकडे आणि बाण एकाच बटणांवर, आणि कोणाची पाळी ते नमलॉक ठरवणार. पुढे १०१ बटणांच्या कीबोर्डवर बाण वेगळे झाले, तरी नमलॉक राहिलाच. मग छोटे लॅपटॉप आले. त्यांतल्या बऱ्याच जणांचा कीपॅड अक्षरांतच दडवलेला. नमलॉक चालू असला तर जे, के, एल दाबून १, २, ३ यायचे. तिथे तो बंद ठेवणंच शहाणपणाचं. पण कीपॅड वेगळा असलेल्या मशीनवरही सुरुवातीला तो बंद का? हे काही पटत नाही.

गंमत म्हणजे, लॉगिन होईपर्यंत विंडोजला तुम्ही कोण हेच माहीत नसतं. त्यामुळे तुमची स्वतःची सेटिंग तिथे उपयोगाची नाही. रजिस्ट्रीत एचकी यूझर्सखाली 'डॉट डिफॉल्ट', त्यात कंट्रोल पॅनेल, त्यात कीबोर्ड, आणि तिथलं 'इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स' बदलावं लागतं. काकांच्या विंडोज १० वर मी ते २१४७४८३६५० केलं आणि फास्ट स्टार्टअप बंद केलं. लिनक्सवर केडीईमध्ये निदान सरळ पर्याय आहे: चालू, बंद, किंवा आहे तसं.

आता काकांनी रजिस्ट्रीत शिरावं अशी अपेक्षा आहे का? माझं म्हणणं साधं आहे. वेगळा कीपॅड असेल तर नमलॉक चालूच यावा. ज्याला बंद हवा, त्याने बंद करावा. आपण सॉफ्टवेअरवाले डिफॉल्ट ठरवताना फक्त आपल्या टेबलाकडे बघतो. माझ्या लॅपटॉपला कीपॅडच नाही, त्यामुळे इतकी वर्षं मलाही हे कधी खटकलं नव्हतं.

असो. काकांचं मशीन आता व्यवस्थित आहे. काल फोनवर म्हणाले, "दिवा लागतो रे, पण मी अजून आधी तो बघतो, मगच पासवर्ड मारतो."