टाकाऊ देठांची हिरवी बाग

निवडलेल्या भाजीचे देठ, कांद्याचे बूड, सुकत चाललेला आल्याचा तुकडा हे सारे रोज कचऱ्याच्या डब्यात जाते. यातून पुन्हा भाजी उगवते, असे कुणीतरी दाखवते आणि उत्साहाच्या भरात खिडकीत काचेचे पेले मांडले जातात. आठ दिवसांत पाण्याला वास येतो आणि सारे पुन्हा कचऱ्यात! मग गृहिणी म्हणते, ‘माझ्या हाताला गुणच नाही.’ प्रत्यक्षात हाताचा दोष नसतो. कोणता देठ मूळ धरतो आणि कोणता धरत नाही, हे आधी पाहिलेले नसते एवढेच.

बंगळुरूची हवा या छंदाला फार मानवते. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या या शहरात विदर्भासारखा भाजून काढणारा उन्हाळा नसतो. गच्चीवर भाज्या लावण्याची चळवळही इथे चांगली रुजली आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी अनेक वर्षे नागरिकांना तिचे धडे दिले. 2011 पासून भरू लागलेल्या ‘ऊटा फ्रॉम युवर थोटा’, म्हणजे ‘आपल्या बागेतले जेवण’, या मेळाव्यांनी बियाणे आणि खते शहरी घरांपर्यंत नेली.

सुरुवात करायची तर मायाळूपासून करावी. तिथल्या बाजारात ‘बसळे सोप्पु’ म्हणून मिळते ती हीच. ती सहसा जाड वेलीसकट येते. पाने भज्यांना किंवा वरणात वापरावीत आणि उरलेल्या वेलीतून पेन्सिलीएवढे जाड, वीतभर तुकडे कापावेत. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पेरी असावीत. त्यातली खालची दोन मातीत जातील असा तुकडा तिरपा खोचावा. उलटा मात्र लावू नये, घाईत हे हमखास होते. कुंडीच्या तळाला भोक हवे. मातीत निम्मे कंपोस्ट चालेल. पहिला आठवडा सावलीत, मग सकाळचे ऊन. दोन-तीन आठवड्यांत पालवी फुटली की वेल दोरीने खिडकीच्या ग्रिलवर चढवावी. पानांबरोबर शेंडाही खुडत राहिल्यास बाजूने फांद्या येतात आणि एका कुटुंबाला आठवड्यातून एकदा भजी पुरतील इतकी पाने मिळतात.

पुदिन्याचेही असेच. फक्त त्याला वेगळी, पसरट कुंडी द्यावी. तो शेजाऱ्याला जगू देत नाही. आल्याचा डोळे फुटलेला तुकडा एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या सरींच्या सुमारास लावावा. नवे आले काढायला आठ-नऊ महिने लागतात, आणि पाणी साचले तर कंद कुजतो. कांद्याच्या पातीला व लसणाच्या पातीला मात्र काहीच धीर लागत नाही.

गाजराचे डोके पाण्यात ठेवले तर हिरवा तुरा येतो, गाजर येत नाही. आपण खातो ते गाजर म्हणजेच मूळ. ते कापले की संपले. बाजारातल्या कढीपत्त्याच्या डहाळीवरही वेळ घालवू नये, रोपच आणावे. कोंब आलेला बटाटा लावता येतो, पण हिरवा पडलेला बटाटा खाऊ नये.

बियांबाबत थोडे जपून. आणलेल्या दुधीच्या बियांपासून वेल येतो, पण फळ मूळच्यासारखे निघेलच असे नाही. असा दुधी कापल्यावर एक फोड जिभेवर ठेवून पाहावी आणि कडू लागली तर सबंध दुधी टाकून द्यावा. साखर-मीठ घालून तो खपवण्याची काटकसर अंगाशी येते. कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावली आहेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही तो न घेण्याचा सल्ला दिला आहे.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि बंगळुरूत तो खरा प्रश्न आहे. कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून पंपांनी चढवून या शहरात आणले जाते. मार्च 2024 मधील टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यास मनाई केली आणि 5000 रुपये दंड ठेवला. चार रुपयांच्या पुदिन्यासाठी नळ सोडणे तेव्हा कुणालाच परवडणारे नव्हते! तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेले पाणी एका बादलीत धरले, तर पाच-सहा कुंड्यांचे भागते. ते त्याच दिवशी वापरावे, नाहीतर आंबते. भाजी मिठाच्या पाण्यात भिजवली असेल तर ते पाणी वेगळे टाकावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही रोज घालू नये, त्यातले क्षार मातीत साचतात.

पातीच्या पेल्यातले पाणी रोज बदलावे. कुंडीखालची ताटली दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याला आठ-दहा दिवस पुरतात.