डाग कुणाचा, धुणार कोण?

मोटारीच्या सीटवरचा डाग हा काय आपल्या अंकात लिहिण्याचा विषय आहे, असं काही मैत्रिणींना वाटेल. पण मासिक पाळी, घरकाम, चुलीचा धूर हेही एकेकाळी लिहिण्याचे विषय नव्हतेच. बाईच्या वाट्याला आलेलं ओझं बहुतेक वेळा अशा ‘किरकोळ’ गोष्टींत लपलेलं असतं. म्हणून या किरकोळ गोष्टीकडे जरा नीट पाहू.

आपल्याकडच्या कितीतरी मोटारी आतून बदामी किंवा फिकट करड्या असतात. मळखाऊ रंग सोयीचा, हे कुठल्याही बाईला विचारलं तर ती सांगेल. पण फिकट रंगाने गाडी आतून मोठी वाटते, उजेडाची वाटते, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरते. सरकारी गाडीत साहेबांच्या सीटवर पांढरा टॉवेल टाकतात, त्यातही तोच रुबाब. पांढरं म्हणजे प्रतिष्ठित. ही प्रतिष्ठा टिकवायला कुणाला तरी रोज पुसावं-धुवावं लागतं, ते मात्र हिशेबात धरलं जात नाही.

गाडी कुठली घ्यायची, आतला रंग कोणता, हे बहुतेक घरांत पुरुष ठरवतो. मागच्या सीटवर मांडीवर मूल, पायाशी डबे आणि हातात सासूबाईंच्या औषधांची पिशवी घेऊन बसते ती बाई. मूल ओकलं, आमटीचा डबा कलंडला, चहा सांडला की पहिला प्रश्न तिलाच: “लक्ष कुठे होतं तुझं?” गाडी घराची, पण डाग तिचा!

आणि तो डाग पाळीच्या रक्ताचा असला तर? मग प्रश्नही कुणी विचारत नाही. नुसते चेहरे बदलतात. लांबच्या प्रवासात वाटेत धड स्वच्छतागृह नाही, पॅड बदलायला आडोसा नाही, गाडी थांबवा म्हणायचा संकोच. अशा वेळी डाग पडला तर तो सोय नसल्याचा डाग आहे. पण शरम वाटते तिला. अंगाखाली ओढणी घडी करून बसणं, उतरताना हळूच मागे वळून पाहणं, हे आपल्यापैकी कुणाला शिकवावं लागलं?

ही शरम कुठवर जाते ते २०२५ च्या जुलैत दिसलं. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले. ते कुणामुळे पडले हे शोधायला मुलींना कपडे उतरवायला लावून तपासलं गेलं. पालक संतापले, गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. जे डाग बादलीभर पाण्याने गेले असते, त्यांच्यासाठी मुलींच्या मनावर कायमचा ओरखडा उठला. आणि शाळेची प्रमुख स्वतः एक बाई होती, हेही आपण विसरू नये. डाग दिसला की आधी ‘कुणी केला?’ हे विचारायची सवय आपल्यातही मुरलेली आहे.

भाड्याच्या गाडीचा प्रश्न आणखी अवघड. शिबिराला, मेळाव्याला आपण आठ-दहा जणी एका गाडीने जातो. सीटवर डाग पडला की ड्रायव्हर चिडतो, धुलाईचे पैसे मागतो, कधी ‘गाडी बाटली’ म्हणतो. त्याला पुरुषी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण पुष्कळदा गाडी त्याची नसते. मालक त्याच्या पगारातून पैसे कापतो, सीट वाळेपर्यंत पुढचं भाडं बुडतं. ही त्याची अडचण खरी आहे आणि तोही कष्टकरीच आहे. तेव्हा धुलाईचा खर्च द्यावा, पण तो गटाच्या प्रवासखर्चातून. तिकिटाचे, जेवणाचे पैसे धरतो तसेच हेही धरावेत. डाग कुणाचा याची चौकशी होऊ नये. ‘बाटली’ हा शब्द मात्र तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर खोडून काढावा.

आता धुण्याबद्दल. हे ज्ञान घरातल्या प्रत्येकाला हवं, म्हणून सविस्तर सांगते. रक्तातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन धाग्याला चिकटतात, म्हणून गरम पाणी कधीच वापरू नये. थंड पाण्यात पिळलेलं फडकं डागावर दाबायचं आणि उचलायचं. घासायचं नाही, घासल्याने डाग पसरतो. कडेकडून मध्याकडे यायचं. मग सौम्य साबणाचं थोडं पाणी लावायचं आणि स्वच्छ ओल्या फडक्याने साबण टिपून घ्यायचा. डाग वाळलेला असेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लावता येतं. ६ टक्क्यांचं मिळालं तर तितकंच पाणी घालावं. त्याने रंग उडू शकतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावं. चामड्याच्या सीटला ते लावूच नये. सीटवर बादली ओतू नये: आतला फोम पाणी धरून ठेवतो आणि बुरशीचा वास येतो. शिवाय अनेक गाड्यांत सीटच्या खाली तारा आणि कडेला एअरबॅग असते. शेवटी दारं उघडी ठेवून पूर्ण वाळवावं.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यातलीच ही गंमत, घाबरायचं कारण नाही. आधी भांड्यांच्या पातळ साबणाच्या थेंबाने तेलकटपणा काढावा, साबण टिपून घ्यावा आणि सीटला ऊन लागू द्यावं. हळदीचा रंग उन्हात विटतो.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तरी विषारी वायू होतो. मोटारीसारख्या बंद जागेत तो थेट फुप्फुसात जातो. पेट्रोलने डाग पुसणं म्हणजे आगीला आमंत्रण. ‘डाग गेलाच पाहिजे’ असं फर्मावणारा बाहेर उभा असतो, वाफ घेते ती आत वाकलेली बाई.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाची २९९ मिनिटं त्यात जातात, तर असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. गाडी चालवायला घरातला पुरुष पुढे असतो, ती धुवायला का नसावा? ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या हातात फडकंही असावं, इतका साधा न्याय आहे.

तो न्याय टाळायचा दुसरा रस्ता म्हणजे कामवाल्या बाईला सांगणं, “तेवढी सीट पण पुसून टाक.” आपल्या चळवळीतल्या घरांतही हे घडतं. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण ‘तेवढं’ या शब्दाला कुठलाही कायदा पुरा पडत नाही. भांडी-लादी ठरली असेल तर गाडी हे वेगळं काम आहे. त्याचे वेगळे पैसे, हातमोजे आणि नाही म्हणायची मोकळीक तिला मिळायलाच हवी.

मैत्रिणींनो, मराठीत बाईच्या चारित्र्याला ‘डाग लागतो’. पुरुषाच्या चारित्र्यावर तो क्वचितच टिकतो. भाषेतला हा डाग एका दिवसात निघणार नाही. पण सीटवरचा डाग निघतो, थंड पाण्याने, अर्ध्या तासात, कुणाच्याही हाताने. पुढच्या बैठकीत प्रवासखर्चात धुलाईची एक ओळ घाला. गाडीत जुना टॉवेल, पाण्याची बाटली, साबण आणि चार पॅड उघड्यावर ठेवा, लपवून नाही. आणि घरी मुलाला शेजारी बसवून फडकं कसं दाबायचं ते शिकवा.