विश्लेषण : एकदाच झालेली ‘इंडियन मास्टर्स’ गोल्फ स्पर्धा का गुंडाळली गेली?

ऑक्टोबर २०२५ मध्ये रोरी मॅकिलरॉय दिल्ली गोल्फ क्लबवर खेळून गेला. ४० लाख डॉलर बक्षिसांची ‘डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप’ टॉमी फ्लीटवुडने जिंकली आणि भारतीय गोल्फचे दिवस पालटल्याची चर्चा सुरू झाली. याच मैदानावर, याच सुरात ती चर्चा फेब्रुवारी २००८ मध्येही झाली होती. निमित्त होते ‘एमार-एमजीएफ इंडियन मास्टर्स’चे.

नेमके काय घडले होते?

युरोपियन टूरची भारतातली ही पहिली स्पर्धा. एशियन टूरची तिला संयुक्त मान्यता होती. बक्षिसाची रक्कम २५ लाख डॉलर आणि मैदानात एर्नी एल्ससारखे नाव. जिंकला मात्र कोलकात्याचा एसएसपी चौरसिया. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची निगा राखत आणि तो स्वतः तिथेच कॅडी म्हणून वाढला. दिल्लीचे मैदान अरुंद, दोन्ही बाजूंना झुडपे. लांब फटक्यापेक्षा तिथे अचूकता कामी येते, आणि तीच चौरसियाची ताकद. त्याने आयर्लंडच्या डेमियन मॅकग्रेनला दोन फटक्यांनी मागे टाकले. तेव्हाच्या दराने दीड कोटीहून अधिक रुपये त्याला मिळाले. त्याहून मोलाचा होता युरोपियन टूरवर खेळण्याचा हक्क.

मग बिनसले कुठे?

स्पर्धा ७ ते १० फेब्रुवारीदरम्यान झाली. त्याच आठवड्यात प्रायोजक बांधकाम कंपनीची प्रारंभिक समभाग विक्री, म्हणजे आयपीओ, सुरू होती. जानेवारीत बाजार कोसळला होता. कंपनीने किंमतपट्टा खाली आणला, मुदत वाढवली, तरी गुंतवणूकदार फिरकेनात. अखेर ८ फेब्रुवारीला, म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, आयपीओ मागे घेण्यात आला. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, बांधकाम क्षेत्राचा पैसा आटला. २००९ ची स्पर्धा झालीच नाही.

यात कंपनीलाच दोष देऊन भागणार नाही. क्रिकेटला प्रक्षेपण हक्कांचा पैसा मिळतो. आपल्याकडे गोल्फला तो नाही, तिकीट काढून येणारा प्रेक्षकही मोजकाच. त्यामुळे बक्षिसे आणि बड्या खेळाडूंचे मानधन यांचा भार प्रायोजकावर पडतो. स्पर्धेला त्याचेच नाव असते. तो गेला की मागे काहीच उरत नाही. पुढे २०१० मध्ये आलेली ‘अवंथा मास्टर्स’ही २०१३ नंतर बंद पडली. तिथे २०११ चा विजेता पुन्हा चौरसियाच!

‘इंडियन ओपन’ कशी टिकली?

ती १९६४ पासूनची, गोल्फ महासंघाची स्पर्धा. प्रायोजक बदलत गेले, स्पर्धा राहिली. अर्थात २०१४ मध्ये तीही झाली नाही आणि करोनाकाळात तीन वर्षे खंड पडला. पण परत सुरू करायला कुणीतरी होते. ‘इंडियन मास्टर्स’ला तसे कुणी नव्हते.

नव्या स्पर्धेचे काय?

डीपी वर्ल्ड ही कंपनी केवळ या स्पर्धेची नव्हे, तर २०२२ पासून अख्ख्या युरोपियन टूरची मुख्य प्रायोजक आहे. त्यामुळे पाया २००८ पेक्षा भक्कम दिसतो. मात्र टूर आणि स्पर्धा दोन्ही एकाच कंपनीच्या नावाने चालतात, हेही नजरेआड करता येत नाही.