चूक वैमानिकाची, घाई कोणाची?

विमान-अपघाताच्या चौकशीचा निष्कर्ष पुष्कळदा ‘वैमानिकाची चूक’ या दोन शब्दांत आटोपला जातो आणि प्रकरण मिटते. कचेरीत कागद गहाळ झाला की ‘लिपिकाची नजरचूक’ असा शेरा मारून सारे मोकळे होतात, त्यातलाच हा प्रकार. २९ मार्च २००१ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ॲस्पेन येथे झालेल्या अपघाताची हकीगत मात्र या शेऱ्यापलीकडे पाहावयास लावणारी आहे.

ॲस्पेनचा विमानतळ डोंगरांनी वेढलेल्या दरीत, समुद्रसपाटीपासून ७,८०० फुटांहून अधिक उंचीवर आहे. ढगांतून उतरताना वैमानिकाला बाहेरचे काही दिसत नाही. रेडिओ-संकेत आणि उंचीमापक यांच्या आधारे, नकाशात आखून दिलेल्या टप्प्यांनी तो खाली येतो. शेवटच्या टप्प्याला एक मर्यादा असते. धावपट्टी परिसर दृष्टीस पडल्याखेरीज त्या उंचीखाली जावयाचे नाही, आणि ठरल्या जागेपर्यंत तो दिसला नाही तर विमान पुन्हा वर न्यावयाचे. ॲस्पेनला ही मर्यादा १०,२०० फूट, म्हणजे धावपट्टीपेक्षा सुमारे २,४०० फूट वर होती. त्या सायंकाळी बर्फ भुरभुरत होते. आधी आलेली काही विमाने धावपट्टी न दिसल्यामुळे वर निघून गेली होती. लॉस एंजेलिसहून आलेले भाड्याचे गल्फस्ट्रीम जेट मात्र मर्यादेखाली गेले आणि धावपट्टीच्या अलीकडे, अर्ध्या मैलाहूनही कमी अंतरावर, डोंगरउतारावर आदळले. १५ प्रवासी आणि ३ कर्मचारी, असे सर्व १८ जण मृत्युमुखी पडले.

नियम मोडला गेला, हे निर्विवाद. पण अनुभवी वैमानिक तो का मोडतो? आवाजाच्या निर्बंधामुळे या विमानाला तेथे सूर्यास्तानंतर केवळ अर्धा तास, म्हणजे ६ वाजून ५८ मिनिटांपर्यंतच, उतरण्याची मुभा होती. प्रवासी उशिरा आल्याने उड्डाण सुमारे ४० मिनिटे लांबले. अपघात झाला ७ वाजून २ मिनिटांच्या सुमारास. विमान दुसरीकडे वळवावे लागेल, ही सूचना भाडेकरू ग्राहकाला रुचली नव्हती आणि ती नाराजी कंपनीपर्यंत पोचली होती. ग्राहकाने रात्रीच्या मेजवानीवर बराच खर्च केला आहे, तेव्हा ॲस्पेनलाच उतरणे महत्त्वाचे, असे मुख्य वैमानिक दुसऱ्या एका वैमानिकाजवळ बोलला होता. मेजवानी आणि अठरा जीव! अखेरच्या काही मिनिटांत एक प्रवासी वैमानिक-कक्षातील जादा आसनावर बसला असल्याचेही ध्वनिमुद्रणावरून दिसते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मुख्य कारण वैमानिकांच्या कृतीतच पाहिले. परंतु ग्राहकाचे दडपण हे साहाय्यक कारण म्हणून स्पष्टपणे नोंदविले. रात्री ही अवतरणपद्धती वापरू नये, असा विमान-प्रशासनाचा हेतू असताना त्याची सूचना संदिग्ध शब्दांत निघाली आणि नियंत्रण मनोऱ्यापर्यंत पोचलीच नाही, हेही मंडळाने नमूद केले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथील हिशेबच उफराटा आहे. विमान वळविले तर नुकसान तत्काळ दिसते: इंधन, खोळंबा, कदाचित गमावलेला ग्राहक. टळलेला अपघात मात्र कोणत्याच खतावणीत जमेस धरला जात नाही. नियमित सेवेच्या विमानात तिकीट काढलेला उतारू वैमानिकापर्यंत पोचू शकत नाही. खासगी विमानात खर्च करणारा दोन हातांवर बसलेला असतो. पगारदार माणसाने त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणावे, एवढ्या एका अपेक्षेवर साऱ्या सुरक्षिततेचा भार टाकणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

म्हणून विमान कोणत्या वेळेनंतर आणि कोणत्या हवामानात वळवावयाचे, हे उड्डाणापूर्वीच भाडेकरारात लेखी असावे. वळविण्याचा खर्च भाड्यातच धरलेला असावा आणि त्याबद्दल वैमानिकाकडे खुलासा मागितला जाऊ नये. ॲस्पेनच्या प्रवाशांसाठी पर्याय होता तो रायफल येथील विमानतळाचा. तेथून ॲस्पेनपर्यंतचा उरलेला प्रवास मोटारीने होण्याजोगा होता.